येळवणीची आमटी

अनंतरावांच्या घरात माणसं दोन होती आणि पोट एक. भानुमतीलाही पोट होतं म्हणा, पण त्याची चौकशी आजवर कुणी केलेली नव्हती. घरात पोट म्हटलं की ते अनंतरावांचं. सकाळी ते काय म्हणतंय, जेवणानंतर फुगलंय की बसलंय, यावर घरातला दिवस कसा जायचा ते ठरायचं. पाहुणेसुद्धा आले की आधी पोटाची विचारपूस करायचे, मग माणसांची.

हे पोट मोठं हुशार होतं. अनंतराव सरकारी कचेरीत कारकून असताना त्यांची सोयगावला बदली निघाली, तर ते असं काही बिघडलं की डॉक्टरांचा दाखला जोडावा लागला आणि बदली रद्द झाली. भानुमतीच्या भावाचं लग्न भर मे महिन्यात सिल्लोडला होतं, तेव्हाही पोटाला प्रवास सोसला नाही. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात 'मला नको' किंवा 'मी येत नाही' असं अनंतराव स्वच्छ शब्दांत म्हणाल्याचं भानुमतीला आठवत नव्हतं. म्हणायची वेळ येण्याआधीच पोट दुखायला लागायचं, आणि ती ओवा भाजायला उठायची.

कचेरीतली आणखी एक सवय त्यांच्या अंगी मुरली होती. हातात आलेल्या प्रत्येक कागदावर ते 'वाचले' असं लिहून खाली सही आणि तारीख टाकत. दुधाचं बिल, लग्नपत्रिका, गॅसची पावती, काही सुटायचं नाही. एकदा भानुमतीनं दिलेली किराण्याची यादी 'वाचले' होऊन परत आली होती. किराणा आला नव्हता.

तर यंदाच्या उन्हाळ्यात पोटानं कहरच केला, आणि पुण्याहून अमेयनं फर्मान काढलं. अमेय हा त्यांचा एकुलता एक मुलगा. दर रविवारी सकाळी दहाला तो फोन करायचा आणि फोन स्पीकरवर ठेवायला लावायचा, म्हणजे दोघांनाही एकदम ऐकवता येतं.

"हे बघ आई, जूनअखेरपर्यंत बाबांचं पोट ताळ्यावर आलं तर ठीक. नाहीतर तो फ्लॅट विकायचा आणि दोघांनी इकडं यायचं. तिथं ना धड पाणी, ना धड डॉक्टर. आणि आत्ता भाव चांगला येतोय."

भाव खरंच चांगला येत होता. शहर चहूबाजूंनी वाढत सुटलं होतं. बीड बायपासच्या पलीकडे बारा-बारा मजली इमारती उठत होत्या आणि त्यांच्या जाहिरातीत पोहण्याचे तलाव दाखवले जात होते. गेल्या पावसाळ्यात पावसानं तोंड फिरवल्यामुळे धरणाचा तळ उघडा पडला होता आणि नळाला पाणी नवव्या दिवशी यायचं. पण पोहायची हौस असलेली माणसं येतच होती.

उल्कानगरीतल्या त्यांच्या जुन्या इमारतीला तलाव नव्हता आणि लिफ्टही नव्हती. नवव्या दिवशी नळाला धार यायची ती खालच्या चौकात, तीही करंगळीएवढी. मग तीन मजले हंडे वर न्यायचे. पिण्याच्या पाण्याचा जार आणून देणारा दुसऱ्या मजल्यापर्यंतच यायचा. तिथून पुढे त्याचे गुडघे दुखायचे, आणि तो होता पंचवीस वर्षांचा. हंडे आणण्याचं काम अनंतरावांचं, कारण भानुमतीच्या कमरेचं ऑपरेशन झालं होतं.

तरीही भानुमतीला पुण्याला जायचं नव्हतं. अजिबात जायचं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी ती चार महिने तिथं राहून आली होती. सून चारुता फार चांगली मुलगी. इतकी चांगली की सासूनं कशालाही हात लावला की "आई, तुम्ही बसा ना," म्हणायची. भानुमती चार महिने बसली होती. स्वयंपाकाला बाई होती आणि कढई घ्यायची तर तिची परवानगी लागायची. इथं औरंगपुऱ्याच्या मंडईत भानुमती भाजीवालीशी मेथीच्या जुडीवरून दहा मिनिटं भांडायची, आणि ती भाजीवालीच पुढच्या वेळी तिच्यासाठी कोवळी जुडी बाजूला ठेवायची. असं तिथं कोण ठेवणार होतं? तेव्हा आता सगळी भिस्त अनंतरावांच्या पोटावर होती.

आकाशवाणी चौकातल्या एका दवाखान्यात श्रेया नावाची आहारतज्ज्ञ बसायची. मुलगी सिल्लोडकडची, शेतकऱ्याच्या घरातली, बोलायला मोकळी. तिनं अर्धा तास सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की काकांना 'लो फॉडमॅप' आहार द्यायचा. डाळी, कांदा, लसूण, गहू यांत काही विशिष्ट साखरा असतात. नाजूक पोटात त्या पचत नाहीत, आतड्यात जाऊन आंबतात आणि वायू धरतो.

अनंतरावांचा चेहरा खुलला. इतकी वर्षं ज्याला घरात नुसता 'गॅस' म्हणत होते त्याला इंग्रजी नाव मिळालं होतं. संध्याकाळपर्यंत त्यांनी ते नाव खालच्या दोन मजल्यांवर सांगून टाकलं.

"म्हणजे आता डाळ बंद?" भानुमतीनं घाबरून विचारलं होतं. वरणाशिवाय जेवण म्हणजे तिच्या मते उपास.

"बंद नाय करायची काकू. मूग, मसूर, तूर, थोडं थोडं चालेल. रात्रभर भिजवायची, ते पाणी टाकून द्यायचं. मग भरपूर पाण्यात शिजवायची आणि तेही पाणी ओतून टाकायचं. मग पाव वाटी डाळ द्यायची."

"भरपूर पाण्यात," भानुमती म्हणाली.

"हो."

"आणि ओतून टाकायचं."

"हो काकू."

भानुमतीनं या मुलीकडे नीट पाहिलं. हिच्याही घरी नळ नवव्या दिवशीच येत असणार. पण शिकलेली मुलगी, तिला काय बोलायचं? तेवढ्यात कमरेच्या औषधाची आठवण झाली म्हणून ती शेजारच्या दुकानात गेली, आणि परत येईतो अनंतरावांच्या हातात आहाराचा छापील तक्ता आलेला होता.

घरी आल्याबरोबर अनंतरावांनी तो तक्ता ओट्याच्या वरच्या फरशीवर स्वतःच्या हातानं चिकटवला. चारी बाजूंनी रुंद खाकी पट्टी लावून, कुठंही कोपरा सुटणार नाही असा. संसारात त्यांनी स्वयंपाकघरात आपणहून केलेलं हे पहिलं काम. भानुमतीला भरून आलं.

दुसऱ्या दिवशी तिनं तूरडाळ शिजवली, रोवळी मोरीवर धरली आणि पातेलं कलतं केलं. मागं गोजरबाई भांडी घासायला बसली होती. तिचा हात थांबला.

"काकू, वतून देता व्हय?"

"डॉक्टरांनी सांगितलंय गं."

"आमच्या वस्तीत टँकर आला की बाया एकमेकीच्या झिंज्या धरतेत. अन् तुमचे डाक्टर पाणी वतायला सांगतेत." गोजरबाई पुन्हा भांड्याकडे वळली. "लई शिकलेले असतेल."

भानुमतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं पातेलं झटकन खाली ठेवलं. भिजवणाचं पाणी संडासात टाकायला चालणार होतं, त्याचा प्रश्न नव्हता. पण शिजल्या डाळीचं हे पिवळंधमक, दाट, वास येणारं पाणी? याला तर नाव आहे. याला येळवणी म्हणतात. पुरणाची डाळ शिजवून उपसली की खाली जे राहतं त्याची आमटी करतात आणि लोक पुरणपोळी बाजूला ठेवून ती आमटी ओरपतात. हे मोरीत ओतणाऱ्या बाईला तिच्या आईनं घरात घेतलं नसतं.

तिनं तक्ता नीट वाचला. कांदा नाही, लसूण नाही. बरं. मग तिनं तुपात जिरं आणि हिंगाची फोडणी केली, कढीपत्ता टाकला, येळवणी ओतली, चिंचेचा कोळ, गुळाचा खडा, थोडा काळा मसाला. तक्त्यातला एकही नियम मोडला नव्हता. उकळी आली तेव्हा जिन्यापर्यंत घमघमाट गेला.

ताटात पाव वाटी धुऊन-पिळून निघालेली डाळ होती. अनंतरावांनी ती औषधासारखी गिळली. मग वाटीकडे पाहिलं.

"यात डाळ आहे?"

"एक दाणा नाही. सगळी गाळून घेतलीय. नुसतं पाणी."

"मग हरकत नसावी," अनंतराव म्हणाले आणि तीन वाट्या प्यायले.

त्या रात्री पोट नगाऱ्यासारखं वाजलं. भानुमतीनं श्रेयाला फोन केला. श्रेया म्हणाली, सवय व्हायला वेळ लागतो, तूर्त गहू पूर्ण बंद करू. पुढच्या आठवड्यात दूध गेलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात आंबा गेला, तोही ऐन मे महिन्यात, घरात केशरची पेटी उघडलेली असताना. फ्लॉवर, कोबी, सफरचंद, कलिंगड सगळ्यांची हकालपट्टी झाली. अनंतरावांच्या ताटात भात, दुधी, गाजर आणि ती पाव वाटी उरली. ही उपासमार बघवेना म्हणून भानुमती आमटी जास्त करायला लागली. आमटी जास्त हवी म्हणून डाळ जास्त शिजायला लागली. तेवढीच एक गोष्ट माणूस चवीनं खातोय, त्याला नाही कसं म्हणायचं? आणि एवढं पथ्य करूनही पोट म्हणून उतरेना. अनंतराव वाळत चालले आणि पोट तेवढं गरगरीत.

रविवारी अमेयचा फोन यायचा. "पोट कसंय?"

"खूपच फरक आहे," भानुमती घाईघाईनं सांगायची. त्यावर स्पीकरच्या शेजारी बसलेलं पोट अशी काही गुरगुर करायचं की पुण्यात ऐकू जावी.

"ते कळलं," अमेय म्हणायचा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्यानं एक दलाल पाठवला. दलालानं खोल्या मोजल्या, भिंतींवर टकटक करून पाहिली आणि "पाण्याचा प्रॉब्लेम गिऱ्हाइकाला सांगायचा नाही, मॅडम," असा सल्ला दिला. तो गेल्यावर भानुमती देवापुढे जाऊन रडली. तिनं गणपतीला एकवीस मोदक बोलले. देवाकडे दुसऱ्याचं पोट मागायची वेळ तिच्यावर आली होती.

शेवटी जूनच्या तिसऱ्या शनिवारी ती अनंतरावांना घेऊन पुन्हा श्रेयाकडे गेली. अमेय व्हिडिओ कॉलवर होता. श्रेयानं सहा आठवड्यांची नोंदवही चाळली आणि डोकं खाजवलं.

"कागदावर तर सगळं बरोबर आहे. डाळ कशी करता, सांगा बरं मला पहिल्यापासून."

भानुमतीनं अभिमानानं सांगितलं. रात्रभर भिजवते. ते पाणी टाकते. ताज्या पाण्यात शिजवते, रोवळीत उपसते. "आणि खालच्या येळवणीचा थेंब वाया जाऊ देत नाही. त्याची आमटी करते. कांदा-लसूण काही नाही हं. रोज तीन वाट्या तरी घेतात."

श्रेयानं पेन खाली ठेवलं. "काकू! काय केलं हो हे! आपल्याला डाळीतून जे काढून टाकायचंय ते सगळं पाण्यातच तर उतरतंय. दाण्यात काय राहिलं मग? तुम्ही काकांना चोथा खाऊ घातला अन् सगळा वायू वाटीत भरून पाजला."

भानुमती खुर्चीत होती तिथंच लहान झाली.

"मी मागं लिहून दिलं होतं ना," श्रेया म्हणाली. "तक्त्याच्या मागच्या बाजूला. आमच्याकडं सगळे हेच करतेत म्हणून मुद्दाम लिहिते मी."

"आई, तू कागद उलटूनसुद्धा बघितला नाहीस?" फोनमधून अमेय म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, समजूतदार होता, ते जास्त लागलं. "जाऊ दे. तुला आता झेपत नाही, आई. मी दलालाला हो सांगून टाकतो."

"थांबा हो जरा," श्रेया मध्ये पडली. "ते पाणी बंद केलं की चार-सहा दिवसांत काका ठणठणीत होतील. माझी हमी."

"ठीक आहे. मग जूनअखेरपर्यंत बघू," अमेय म्हणाला. अनंतराव भिंतीवरच्या आतड्यांच्या चित्राकडे बघत होते.

घरी आल्यावर भानुमतीनं चपला काढल्या आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन सुरीनं ती खाकी पट्टी खरवडायला घेतली. एक बाजू, दुसरी, तिसरी. तक्ता हातात आला. मागं श्रेयाचं ठळक अक्षर होतं. 'डाळीचं शिजवलेलं पाणी काकांना अजिबात देऊ नये. कट, येळवणी, सार काहीही नाही.' खाली दोन रेघा मारलेल्या. आणि रेघांच्या खाली, डाव्या कोपऱ्यात, हिरव्या शाईत: 'वाचले. अ. वि. ४ मे.'

चार मे म्हणजे दवाखान्याचा पहिला दिवस. भानुमती तशीच गॅलरीत गेली आणि अनंतराव वाचत बसले होते त्या वर्तमानपत्राच्या वर तो कागद ठेवला.

"ही सही कुणाची?"

अनंतरावांनी चष्मा सरळ केला. सही नाकारणं त्यांच्या रक्तात नव्हतं. "माझीच दिसतेय."

"म्हणजे पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"हो."

"आणि तरी तीन-तीन वाट्या?"

अनंतरावांचा हात सवयीनं पोटाकडे गेला. भानुमती ओरडली, "पोटाला मध्ये आणू नका! तोंडानं बोला!"

हात मध्येच थांबला. ते खाली चौकात, नळाशी लावलेल्या रिकाम्या हंड्यांच्या रांगेकडे बघत बोलले. "मला अमेयकडे जायचंय, भानू. त्या जिन्यात मी तीनदा बसतो हंडा घेऊन. मागच्या पाण्याला दुसऱ्या मजल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली होती."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, मी आणते हंडे. आणि आणले असतेस, त्या कमरेनं. पोट बिघडलेलंच राहिलं तर अमेय नेणारच होता. मी काही म्हटलं नसतं, तू काही म्हटलं नसतं. आपोआप झालं असतं."

भानुमतीला संताप आला. सहा आठवडे ती पथ्य सांभाळत होती, देवाला मोदक बोलली होती आणि हा माणूस तिच्याच हातची आमटी पिऊन तिचंच घर विकत होता. पण संतापाच्या खाली तिला फार वाईट वाटलं. जिन्यात बसतात ते गॅसमुळे, असंच ती सहा आठवडे समजून चालली होती. वरून "या लवकर, डाळ शिजायचीय," अशी हाकही मारत होती. एक्केचाळीस वर्षं या माणसाच्या पोटाचं सगळं ऐकून घेतलं, आणि पोट सोडून बाकीच्या माणसाला तिनं कधी काही विचारलं नव्हतं.

ती आत गेली. संध्याकाळी तिनं तूरडाळ शिजवली, उपसली, आणि सहा आठवडे करत होती तशीच आमटी केली. हिंग जरा सढळ हातानं घातला. दिवेलागणीला ताट वाढलं. भात, दुधीची भाजी, पाव वाटी डाळ. आणि ताटाच्या बाहेर, जमिनीवर, आमटीची वाटी.

अनंतरावांनी तिच्याकडे पाहिलं.

"उद्या रविवार," भानुमती म्हणाली. "अमेयचा फोन येईल. श्रेया म्हणालीच आहे, हे थांबवलं की चार दिवसांत पोट ठणठणीत. मग अमेयला बोलायला जागा नाही, आपण इथंच. पाण्याचं मी बघीन, गोजरबाईला पैसे देऊन हंडे आणून घेईन, पण तुम्ही राहायचं. आणि जायचं असेल तर ही घ्या. फक्त आता चोरून नाही. माझ्यासमोर, मला दाखवून घ्या. नको असेल तर नको म्हणा."

त्यांनी वाटी सरकवून द्यावी असं तिला मनापासून वाटत होतं. इतकं की तिनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं. अनंतराव वाटीकडे बघत बसले. भात निवत चालला. आता हा माणूस पोटावर हात ठेवील, कण्हेल, भूकच नाही म्हणून उठून जाईल, आणि प्रश्न तसाच ताटात राहील, हेही तिला माहीत होतं.

अनंतरावांनी दोन्ही हातांनी वाटी उचलली आणि तोंडाला लावली. घाई केली नाही. तळाचा कढीपत्ता ओठाला लागेपर्यंत प्यायले. मग रिकामी वाटी तिच्यापुढे धरली.

"अजून वाढ," ते म्हणाले.

भानुमतीनं पळी घेतली आणि वाढली.